मोटारसायकलचे मागचे ब्रेक पॅड घरी बदलताना : काय सोडवावे, कशाला हात लावू नये

पावसाळा ओसरू लागला की ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या गॅरेजांमध्ये एक तक्रार वारंवार ऐकू येते : मागचा ब्रेक दाबला की घासल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक खाली वाकून पाहतो, ‘पॅड गेले’ असे दोन शब्दांत निदान करतो, थोड्या वेळात नवे पॅड बसतात आणि बिल हातात पडते. पॅड म्हणजे नेमके काय, ते कसे गेले आणि सोबत आणखी काय बिघडले होते का, या प्रश्नांची उत्तरे देण्याइतका वेळ गर्दीच्या गॅरेजात कोणालाच नसतो.

ज्यांनी जुन्या गाड्यांवर ड्रम ब्रेकचा नट स्वतः आवळून मागचा ब्रेक ‘टाइट’ केलेला आहे, त्यांचा गोंधळ तर अधिकच होतो, कारण डिस्क ब्रेकवर तसा नटच सापडत नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. त्या नियमाने मागची डिस्क सक्तीची केलेली नाही आणि मागे ड्रम असलेल्या गाड्या आजही विकल्या जातात. तरीही दीडशे-दोनशे सीसीच्या गाड्यांवर मागची डिस्क आता नवलाची राहिलेली नाही. त्यामुळे हे पॅड घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलता येतील का, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो.

माझे मत असे की, ज्याला स्वतःच्या गाडीची चेन साफ करून तिचा ताण नीट लावता येतो, त्याला हे काम करता येते. याचे कारण असे की पॅड बदलताना ब्रेक ऑइलने भरलेला बंद मार्ग कुठेही तोडावा लागत नाही. धोका आहे तो बारीकसारीक गोष्टी विसरण्यात, आणि त्या कोणत्या हे समजण्यासाठी आधी यंत्रणा समजून घ्यावी लागते.

पेडलपासून डिस्कपर्यंत

उजव्या पायाखालचे पेडल दाबले की त्याला जोडलेली दांडी मास्टर सिलिंडर नावाच्या छोट्या पंपातला दट्ट्या पुढे सरकवते. या पंपाला ब्रेक ऑइलची एक लहान डबी जोडलेली असते, आणि पंपापासून चाकापर्यंत जाणारी नळी याच ऑइलने, हवेचा एकही बुडबुडा न राहता, भरलेली असते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडलेला नियम इथे कामाला येतो. पंपातला दट्ट्या लहान व्यासाचा आणि चाकाजवळचा पिस्टन मोठ्या व्यासाचा असल्यामुळे तोच दाब मोठ्या क्षेत्रफळावर पडतो आणि पायाने लावलेला जोर कित्येक पटींनी वाढून तिथे पोहोचतो.

डिस्कच्या कडेवर दोन्ही बाजूंनी बसलेला धातूचा जबडा म्हणजे कॅलिपर. त्याच्या आत डिस्कच्या दोन अंगांना एकेक पॅड असतो. पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर चिकटवलेला घर्षणाच्या मिश्रणाचा थर. हा थर झिजण्यासाठीच केलेला असतो. तो झिजावा आणि डिस्क वाचावी, अशी ही रचना आहे.

मागच्या कॅलिपरमध्ये बहुधा एकच पिस्टन असतो, आणि तोही एकाच बाजूला. मग पलीकडच्या पॅडला डिस्कवर कोण दाबते? सुताराचा शिकंजा आठवला तर याचे उत्तर मिळते. शिकंज्याला स्क्रू एकाच बाजूने असतो, पण तो आवळत गेले की समोरचा जबडा आपोआप ओढला जाऊन लाकूड दोन्हीकडून दाबले जाते. कॅलिपरचेही तसेच होते. पिस्टन आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो, आणि मग संपूर्ण कॅलिपर उलट दिशेने किंचित सरकून समोरचा पॅडही डिस्कवर आणतो. हे सरकणे ज्या दोन गुळगुळीत दांड्यांवर घडते त्यांना स्लाइड पिन म्हणतात. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती या स्लाइड पिनांची ठेवावी, कारण मागच्या ब्रेकची अर्धीअधिक दुखणी तिथे सुरू होतात आणि घाईच्या सर्व्हिसिंगमध्ये त्यांच्याकडेच दुर्लक्ष होते.

पॅड झिजले तरी पेडल खाली का जात नाही

ड्रम ब्रेकचे लायनर झिजले की पेडल खाली खाली जाऊ लागते आणि आपल्याला ते पायालाच कळते. डिस्क ब्रेकमध्ये असे होत नाही, आणि त्यामुळेच अनेकांची फसगत होते.

पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी कडी, म्हणजे सील, बसवलेली असते. ऑइल बाहेर गळू न देणे हे तिचे एक काम. दुसरे काम अधिक नाजूक आहे. ब्रेक दाबल्यावर पिस्टन पुढे येतो तेव्हा ही कडी त्याला धरून किंचित पीळ खाते. पाय उचलला की ती पूर्ववत होते आणि पिस्टनला केसभर मागे आणते. चाक मोकळे फिरण्यासाठी तेवढी फट पुरते. पॅड झिजल्यामुळे पिस्टनला जास्त पुढे यावे लागले, तर कडीचा पीळ अपुरा पडतो, पिस्टन तिच्यातून थोडा घसरतो आणि तिथून पुढे तीच त्याची नवी जागा होते. म्हणजे ही यंत्रणा झीज स्वतःच भरून काढते. त्यासाठी लागणारे जास्तीचे ऑइल डबीतून येते, आणि म्हणून पॅड झिजत जातात तशी डबीतली पातळीही हळूहळू उतरते.

यातून दोन गोष्टी निघतात. पेडल घट्ट लागते आहे यावरून पॅड शाबूत आहेत असे ठरत नाही. ते डोळ्यांनीच पाहावे लागतात. दुसरे असे की, डबीतली पातळी उतरलेली दिसताच वरून ऑइल ओतू नये, आधी पॅड तपासावेत. गळती नसताना पातळी उतरली असेल तर ते बहुधा पॅड संपत आल्याचेच लक्षण असते. अशा वेळी डबी भरून ठेवली, तर नवे पॅड बसवण्यासाठी पिस्टन आत ढकलताच तेच ऑइल वरून उतू जाते आणि बाजूच्या रंगाची नासाडी करते.

मागचेच पॅड लवकर का संपतात

ब्रेक लावताना गाडीचे आणि स्वाराचे वजन पुढे झुकते, पुढचे चाक रस्त्यावर अधिक दाबले जाते आणि मागचे हलके होते. त्यामुळे जोरात थांबताना बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. मग पुढचे पॅड आधी संपायला हवेत. अनेक गाड्यांवर तसेच होतेही. पण आपल्याकडच्या वापरात याच्या उलट चित्र वरचेवर दिसते.

पहिले कारण सवयीचे आहे. कापूरबावडी ते घोडबंदर किंवा शिळफाट्याच्या कोंडीत गाडी रांगत असते तेव्हा पुढचा ब्रेक न वापरता पायाखालचे पेडल सतत थोडे थोडे दाबण्याची सवय लागते. काही जण तर पाय पेडलवर टेकवूनच गाडी चालवतात. दुसरे कारण रस्त्याचे. दोन्ही चाकांनी उडवलेली खडी, वाळू आणि चिखल मागच्या कॅलिपरवर येऊन बसतो. ठाणे-बेलापूर मार्गावर किंवा मुंब्रा बायपासवर अवजड वाहनांमागून पावसात गेलेल्या गाडीचा मागचा कॅलिपर धुताना जे निघते, ते पाहण्यासारखे असते. ही कचकच पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये सापडली की सँडपेपरचे काम करते. तिसरे कारण, अडकलेली स्लाइड पिन, बाहेरून दिसत नाही. त्याकडे पुढे येऊच.

गायमुख घाटासारख्या उतारावर मागचे पेडल सलग दाबून ठेवण्याची सवय मात्र वेगळ्या कारणासाठी सोडावी. सततच्या घर्षणाने कॅलिपर तापतो आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट ४ या प्रतीचे ताजे ऑइल २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळणार नाही, अशी प्रमाणाची अट आहे. पण हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते, आणि पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. खाडीकाठच्या दमट हवेत दोन-तीन वर्षे न बदललेले ऑइल असेल, तर उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होण्याची शक्यता वाढते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल एकाएकी पोकळ लागते. उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनालाच वेग आवरू द्यावा आणि ब्रेक गरजेपुरता दाबून सोडावा.

बदलण्याची वेळ कशी ओळखावी

गाडी मेन स्टँडवर घेऊन टॉर्चच्या प्रकाशात मागून किंवा खालून कॅलिपरमध्ये पाहिले, की डिस्कच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्टी आणि तिच्यावरचा घर्षणाचा थर दिसतो. किती थर उरल्यावर पॅड बदलावेत याचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. तो सहसा १ ते दीड मिलिमीटरच्या आसपास असतो. बऱ्याच पॅडांवर एक खाच असते, ती दिसेनाशी झाली की पॅड संपले असे समजावे. दोन्ही पॅड पाहणे आवश्यक आहे, कारण बाहेरचा पॅड छान दिसत असताना आतला पट्टीपर्यंत झिजलेला असू शकतो.

धातूवर धातू घासल्याचा कर्कश आवाज येऊ लागला असेल, तर उशीर झालेला आहे. त्या वेळी पोलादी पट्टीच डिस्कला खरवडत असते. डिस्कवर नखाला जाणवतील इतक्या खोल चऱ्या पडल्या असतील, किंवा तिची जाडी डिस्कवरच कोरलेल्या किमान जाडीपेक्षा कमी भरत असेल, तर नुसते पॅड बदलून भागत नाही. काही शे रुपयांचा खर्च टाळण्यासाठी थांबलेला माणूस मग कित्येक पट महाग डिस्क विकत घेतो.

कोणते पॅड घ्यावेत

बाजारात साधारणपणे सेंद्रिय तंतू व राळ यांच्या मिश्रणाचे ऑर्गॅनिक, त्यात धातूचा अंश असलेले सेमी-मेटॅलिक आणि धातूची पूड तापवून दाबून केलेले सिंटर्ड, असे तीन प्रकार मिळतात. सिंटर्ड पॅड उष्णतेत आणि पावसात चांगले टिकतात, मात्र डिस्क अधिक घासतात. रोजच्या ठाणे-वाशी प्रवासासाठी कंपनीने मूळ गाडीला दिले होते त्याच प्रकारचे घ्यावेत. मागच्या चाकाला अधिक ‘जोरदार’ पॅड लावल्याने फारसे काही साधत नाही, कारण जोराने थांबताना मागच्या चाकावर मुळातच वजन कमी असते आणि ते लवकर जाम होऊ पाहते.

नकली मालाची भीती रास्त आहे. अधिकृत स्पेअर काउंटरवरून बिलासह घेणे हा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग. जुना पॅड किंवा त्याचा स्पष्ट फोटो, गाडीचे मॉडेल आणि वर्ष सोबत न्यावे. एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या आवृत्त्यांना वेगवेगळे कॅलिपर असू शकतात, आणि दुकानदाराच्या ‘बसतील, घेऊन जा’ या शब्दावर तरी विसंबू नये.

जागा आणि हत्यारे

सपाट, कोरडी आणि उजेडाची जागा हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करायचे असेल तर खाली पुठ्ठा किंवा जुने प्लास्टिक अंथरावे; सांडलेले ब्रेक ऑइल फरशीवर राहिले की पुढच्या सभेचा विषय तयार होतो. गाडी मेन स्टँडवर किंवा मागचे चाक उचलून धरणाऱ्या पॅडॉक स्टँडवर घ्यावी आणि पुढच्या चाकाला वीट लावावी. नुसत्या साइड स्टँडवर हे काम करू नये. नुकतीच चालवलेली गाडी असेल तर डिस्क आणि कॅलिपर निवेपर्यंत थांबावे.

हत्यारांत योग्य मापाचे सॉकेट, एलन की, पक्कड, दात घासायचा जुना ब्रश, कॅलिपर साफ करण्याचा ब्रेक क्लीनर स्प्रे, सिलिकॉनचे कॅलिपर ग्रीस, स्वच्छ फडकी, हातमोजे, मास्क आणि एक सुई नसलेली सिरिंज इतके पुरते. बोल्ट ठरावीक जोराने आवळण्याचा टॉर्क पाना असेल तर उत्तम. नसेल तर मित्राकडून मागावा, कारण ब्रेकचे बोल्ट अंदाजाने आवळण्यात शहाणपण नाही. किती जोराने आवळायचे याचा न्यूटन-मीटरमधला आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

प्रत्यक्ष काम

पॅड ज्या पिनेवर अडकवलेले असतात ती पॅडची पिन, कॅलिपर जागेवर असतानाच, थोडी सैल करून घ्यावी. कॅलिपर हातात सुटा घेऊन ही पिन सोडवणे फार जड जाते. काही गाड्यांवर तिच्या तोंडाशी आधी काढायचे छोटे झाकण असते, काहींवर तिला बारीक क्लिप असते. क्लिप कशी बसली होती याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवावा. प्रत्येक पायरीला फोटो काढण्याइतका स्वस्त विमा दुसरा नाही.

मग कॅलिपरचे बोल्ट काढून तो डिस्कवरून अलगद सरकवावा. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये, तार किंवा दोरीने चेसिसला बांधून ठेवावा. एबीएसच्या गाडीवर चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर जवळूनच जाते, तिला ताण बसणार नाही हे पाहावे. या क्षणापासून नवे पॅड बसून कॅलिपर परत डिस्कवर येईपर्यंत ब्रेकचे पेडल कोणीही दाबता कामा नये. डिस्क मध्ये नसताना पेडल दाबले तर पिस्टन सीलमधून बाहेर निसटू शकतो, आणि मग घरच्या कामाचे गॅरेजचे काम होते. जवळ खेळणारी मुले असतील तर त्यांना आधी दूर करावे.

पिन काढली की जुने पॅड निघतात. कोणता आतला आणि कोणता बाहेरचा, हे पट्टीवर खडूने लिहून ठेवावे. आत एक पातळ स्प्रिंगची पट्टी असते. तिची दिशा पाहून घ्यावी, कारण ती उलटी बसली की पॅड खडखडतात.

आता या कामातला खरा महत्त्वाचा भाग येतो, तो म्हणजे सफाई. पॅडची भुकटी फुंकून किंवा हवेच्या पंपाने उडवू नये. ती श्वासात जाऊ नये म्हणून ओल्या फडक्याने किंवा क्लीनरने धुऊन काढावी. पेट्रोल, रॉकेल, डिझेल किंवा गंज सोडवणारा तेलकट स्प्रे इथे वापरू नये. त्यांनी सीलचे रबर फुगते आणि पॅडवर तेलाचा अंश गेला तर पकड जाते. पिस्टनचा जो भाग बाहेर आलेला असतो, तो ब्रशने चहूबाजूंनी स्वच्छ केल्याशिवाय आत ढकलू नये. झीज भरून काढत बाहेर आलेल्या त्या भागावर कित्येक महिन्यांची माती बसलेली असते. तशीच ती आत रेटली तर सीलवर ओरखडे उठतात आणि गळती सुरू होते. गॅरेजात हीच पायरी गाळली जाताना दिसते.

पिस्टन स्वच्छ झाला की ऑइलच्या डबीभोवती फडके गुंडाळून झाकण उघडावे. जुना पॅड पिस्टनवर आडवा धरून सी-क्लॅम्पने, म्हणजे छोट्या लोखंडी शिकंज्याने, किंवा अंगठ्यांच्या जोराने पिस्टन सरळ आणि सावकाश आत दाबावा, आणि प्रत्येक टप्प्याला डबीतल्या पातळीकडे नजर ठेवावी. ती वरच्या रेषेच्या पुढे जाऊ लागली तर सिरिंजने थोडे ऑइल काढून घ्यावे. रंगावर थेंब पडलाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावा. काढलेले ऑइल पुन्हा वापरू नये आणि गटारात ओतू नये. बाटलीत भरून, जळके ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्यावे.

मग स्लाइड पिनांची पाळी. कॅलिपर आपल्या ब्रॅकेटवर हाताने मागेपुढे सहज सरकला पाहिजे. सरकत नसेल तर पिना बाहेर ओढून जुने कडक झालेले ग्रीस पुसावे, गंज आहे का ते पाहावे, आणि सिलिकॉनच्या ग्रीसचा पातळ थर लावून परत बसवाव्यात. साधे पिवळे किंवा काळे ग्रीस नको, त्याने पिनांवरचे रबरी बूट, म्हणजे आच्छादने, फुगून पिना आणखीच अडकतात. बूट फाटले असतील तर बदलावेत. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने अशा फटींतूनच पाणी आत जाते.

नवे पॅड, स्प्रिंग आणि पिन बसवून कॅलिपर डिस्कवर परत आणावा, त्याचे बोल्ट आधी हाताने फिरवून सरळ बसल्याची खात्री करावी आणि मग पान्याने ठरलेल्या जोराने आवळावेत. शेवटी पॅडची पिन घट्ट करून झाकण किंवा क्लिप लावावी. डिस्क स्वच्छ फडक्यावर क्लीनर घेऊन दोन्ही बाजूंनी पुसावी, आणि त्यानंतर तिला बोट लावू नये.

जुना पॅड काय सांगतो

जुने पॅड कचऱ्यात टाकण्याआधी उजेडात शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हींवर थर साधारण सारखा उरला असेल तर यंत्रणा निरोगी आहे. पिस्टनच्या बाजूचा पॅड पार झिजलेला आणि समोरचा जवळपास कोरा असेल, तर कॅलिपर सरकत नव्हता, म्हणजे स्लाइड पिना अडकल्या होत्या. सगळा भार एकट्या पॅडने वाहिला. एकच पॅड पाचरीसारखा एका टोकाला पातळ झाला असेल, तर एखादी स्लाइड पिन अडकली आहे किंवा पॅड आपल्या खाचेत नीट बसत नव्हता. थरावर काचेसारखी चकाकी असेल तर तो वारंवार तापला आहे. पाय पेडलवर टेकलेला राहतो का, किंवा पिस्टन मागे येत नाही का, हे तपासावे. तेलकट डाग असतील तर ते सीलची गळती किंवा चेनवरून उडालेले लुब्रिकंट सांगतात.

हे न वाचता नवे पॅड बसवले तर तेही त्याच पद्धतीने, तितक्याच लवकर झिजतात, आणि माणूस पॅडच्या ‘क्वालिटी’ला नावे ठेवत राहतो.

पहिले पेडल

काम संपल्यावर पहिल्यांदा पेडल दाबले की ते तळापर्यंत जाते. यात बिघाड काही नाही. पिस्टन आपणच आत ढकललेला असतो, आणि तो पॅडपर्यंत पुन्हा पोहोचेपर्यंत ब्रेक लागणारच नाही. मात्र ही गोष्ट पार्किंगच्या रॅम्पवर कळली तर अपघात ठरलेला आहे. म्हणून गाडी स्टँडवरून उतरवण्याआधीच पेडल सावकाश, पुन्हा पुन्हा दाबून ते नेहमीसारखे घट्ट लागेपर्यंत थांबावे. त्यानंतर डबीतली पातळी पाहून, लागल्यास मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रतीचे ऑइल नव्या बंद बाटलीतून घालून झाकण लावावे. डॉट ५ हे सिलिकॉनचे असते, ते डॉट ४ मध्ये मिसळू नये. आकडा मोठा म्हणून ते चांगले, असा समज करून घेऊ नये. चाक हाताने फिरवावे. किंचित घासल्याचा आवाज चालतो, चाक अडखळणे चालत नाही. मागचा ब्रेक लाइट लागतो का, हेही तेव्हाच पाहावे.

नव्या पॅडची पकड पहिल्या दिवशी पूर्ण नसते. पॅडचा पृष्ठभाग डिस्कच्या चऱ्यांशी जुळायला आणि त्याचा पातळ थर डिस्कवर बसायला काही अंतर जावे लागते. रविवारी सकाळी सेक्टरमधल्या मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून हळूहळू वेग कमी करत, पूर्ण न थांबता, काही वेळा ब्रेक लावावा आणि मधे त्याला निवू द्यावे. पाम बीच रोड यासाठी योग्य नाही. तिथे मागून येणाऱ्यांचा वेग तुमच्या प्रयोगाची वाट पाहत नाही. पहिले दोनेकशे किलोमीटर पुढच्या वाहनापासून अधिक अंतर ठेवावे.

‘ब्रेक म्हणजे जिवाचा प्रश्न, तो घरी कशाला?’

ही शंका गंभीर आहे आणि तिची थट्टा करू नये. पण गॅरेजातही हे काम पुष्कळदा नवशिक्या मुलाच्या हाती असते, आणि त्याच्यावर दिवसाला अनेक गाड्यांचे दडपण असते. घरी करणाऱ्याकडे अनुभव कमी असला तरी वेळ असतो, आणि या कामात वेळेचे मोल हातसफाईपेक्षा अधिक आहे. तरीही ज्याला बोल्टचा आटा जातोय हे हाताला कळत नाही, त्याने पहिल्यांदा माहीतगाराला शेजारी उभे करूनच हे काम करावे.

‘एबीएस बिघडेल ना? ब्लीडिंग करावे लागेल ना?’

ब्लीडिंग म्हणजे कॅलिपरवरचा छोटा निपल सोडून नळीत शिरलेली हवा बाहेर काढणे. पॅड बदलताना मार्ग बंदच राहतो, हवा आत जात नाही, म्हणून ब्लीडिंगची गरज पडत नाही आणि एबीएसला संगणक जोडावा लागत नाही. पिस्टन दाबताना कॅलिपरमधले जुने ऑइल एबीएसच्या भागाकडे जाऊ नये म्हणून निपल उघडून ते बाहेर सोडावे, असे काही जाणकार सांगतात. त्यामागचा विचार चुकीचा नाही, परंतु नवख्याच्या हातून त्याच निपलमधून हवा आत जाण्याचा धोका मला अधिक मोठा वाटतो. ऑइल काळपट झाले असेल किंवा दोन वर्षे उलटली असतील, तर ते आधी गॅरेजात बदलून घ्यावे आणि पॅडचे काम नंतर करावे.

‘वॉरंटीचे काय?’

पॅड हा झिजणारा भाग असल्याने त्याची नेहमीची झीज वॉरंटीत सहसा धरली जात नाही. मात्र गाडी वॉरंटीत असताना पुढे कॅलिपर किंवा एबीएसबद्दल दावा करायची वेळ आली, तर घरच्या कामावर बोट ठेवले जाऊ शकते. तो काळ संपेपर्यंत ब्रेकचे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच केलेले बरे.

कुठे थांबावे

पिस्टन जोर लावूनही आत जात नसेल, त्याच्या कडेने ओलसरपणा दिसत असेल, नळीला चिरा असतील, पॅडची पिन गंजून तिचे तोंड गोल झाले असेल, किंवा सगळे बसवल्यावरही पेडल स्पंजासारखे दबत असेल, तर हे काम घरचे राहिलेले नाही. अशी गाडी ‘पुढचा ब्रेक आहे ना’ म्हणून चालवत गॅरेजला नेऊ नये. मेकॅनिकला पार्किंगमध्ये बोलवावे किंवा गाडी टेम्पोत घालून पाठवावी, आणि फोन करतानाच त्याला काय काय सोडवले होते ते सांगावे, म्हणजे तो लागणारे सील आणि ब्लीडिंगचे साहित्य घेऊन येईल.